तिसऱ्या हाकेपर्यंत

१

आमच्या घरात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. दुसरीलाही नाही. तिसरी हाक आली की मगच 'ओ' म्हणायचं. ही रीत माझ्या सासूबाईंची, केशरबाईंची. लग्न होऊन दिंद्रुडला आले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाहेरच्याला, भुताखेताला, दोन हाका येत्यात. तिसरी येत न्हाई. तिसरी मारली की समजायचं, आपलं मानूस हाय."

मी बी.एड. करून आलेली. मला हसू आलं होतं. पण सवय लागली. पुढे शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हाही मुलांनी 'बाई' म्हटलं की मी दोनदा गप्पच राहायची. मुलांना वाटायचं, बाई कडक आहेत. रवी, आमचा मुलगा, मोबाईलचेही पहिले दोन फोन उचलायचा नाही. तिसऱ्यांदा वाजला की घ्यायचा. त्याचे मित्र पलीकडून ओरडायचे, "काय बे, मेलास का काय?"

आमचं घर गावाबाहेर, शेतात आहे. जुना आखाडा, म्हणजे शेतातलं जुनं घर, पाडून सुंदररावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तिथे दुमजली बंगला बांधला. रवीच्या लग्नासाठी. ते लग्न झालं नाही.

त्या दुपारी मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. सुंदरराव माजलगावला गेले होते. नात खाली ओसरीत खेळत होती. वारा पडला होता, आणि शेजारच्या रानातली मोटरही बंद होती. एवढ्या शांततेत तिचा आवाज स्वच्छ वर आला.

"ओ, आज्जी. आले."

मी हाक मारली नव्हती.

ती जिना चढून वर आली नाही. मी कठड्यावरून वाकून बघितलं. ती ओसरीतून उठून आत, स्वयंपाकघराकडे गेली होती. मी खाली उतरले. ती ओट्यापाशी मान वर करून उभी होती.

"तू बोलावलंस ना," ती म्हणाली.

"किती हाका मारल्या?"

तिनं तीन बोटं दाखवली. मोजायला मीच शिकवलं होतं.

मी वर बघितलं. ओट्याच्या वर, फळीवर, ती बोलणारी डबी होती. तिचा हिरवा दिवा लागलेला होता. असेल काही बिघाड, असं मी स्वतःला सांगितलं आणि नातीला गूळ-शेंगदाणे दिले.

२

रवी, रविराज, सव्विसाव्या वर्षी रक्ताच्या कॅन्सरनं गेला. उपचार सुरू करण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं की या औषधांनंतर मूल होणं अवघड, तेव्हा बीज गोठवून ठेवलेलं बरं. त्यानं सही केली. घरी आल्यावर मला म्हणाला, "आई, फ्रीजमध्ये ठेवून आलोय मला. लाईट जाऊ देऊ नका." आम्ही दोघं हसलो होतो. त्यानंतर आम्ही दोघं एकत्र असे किती वेळा हसलो ते मला आठवत नाही.

तो गेल्यावर सुंदरराव काही महिने बोललेच नाहीत. मग एक दिवस उठले आणि पुण्याला गेले. कोर्टाचं, दवाखान्याचं, कागदांचं काय ते सगळं त्यांनी बघितलं. कुठल्या तरी बाईचं बीज, कुठल्या तरी दुसऱ्या बाईचं पोट, आणि बाप केव्हाच जाळलेला. त्यातून ती आली. नर्सनं गुंडाळलेलं बाळ आणून दिलं. सुंदररावांनी दुपटं बाजूला करून बराच वेळ बघितलं.

"मुलगी आहे," मी म्हणाले.

"रवीच हाय," ते म्हणाले. "जरा येगळा होऊन आलाय."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो तसं बोलतायत. बारशाला बायका जमल्या. रवीची आत्या, माझी नणंद सत्यभामा, नाव सांगायला पाळण्यावर वाकली आणि तशीच वाकलेली भावाकडे बघत राहिली. सुंदररावांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "रविराज." पाळणा म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. मग एकीनं सावरून घेतलं आणि गाणं पुढे गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाळाला अंघोळ घालत होते. न्हाणीत आम्ही दोघीच होतो, नळ सोडलेला होता. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "सायली." तेव्हापासून तिला दोन नावं आहेत. एक घरात, गावात, कागदावर. दुसरं न्हाणीत, नळ चालू असताना.

ट्रंकेतून रवीच्या लहानपणीचे शर्ट निघाले. केस दर महिन्याला न्हावी येऊन बारीक करून जाई. लोक तिला रवीबाळ म्हणत आणि माझ्याकडे बघायचं टाळत. मी ठरवलं होतं की शाळेचं वय झालं की तिला माझ्या बहिणीकडे, अंबाजोगाईला न्यायची. तिथल्या शाळेत तिचं नाव सायली लावायचं, केस वाढवायचे. यंदा ते वय झालं होतं.

३

डब्या आल्या त्या दीड वर्षापूर्वी. रवीच्या फोनमध्ये त्याचे पाठवलेले पुष्कळ आवाज होते. मित्रांना, मला, सुंदररावांना. ते सगळे एका कंपनीला दिले की त्याच्या आवाजात बोलणारं यंत्र ते बनवून देतात, असं सुंदररावांना कुणीतरी सांगितलं. कंपनीचा माणूस आला. त्यानं खोल्या-खोल्यांतून डब्या बसवल्या. मुख्य पेटी वर रवीच्या खोलीत ठेवली, तिथे एसी लावला आणि दाराला आवाजावर उघडणारं कुलूप घातलं. घरातल्यांचा आवाज ओळखून ते उघडतं.

"त्यांच्या काही सवयी सांगता का?" त्या माणसानं विचारलं. "लकब, शब्द, काही खास. त्यानं जिवंतपणा येतो."

सुंदररावांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याला तीन हाकांची रीत सांगितली. सासूबाईंपासून सगळी. "तेवढं शिकवा त्याला. त्याबिगर आमच्या घरात कुणाला पटायचं न्हाई."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय ते नीट कळलं नाही, म्हणून मी चहा दिला आणि आत गेले.

दिवेलागणीला मी पोळ्या करत होते.

"आई."

मी लाटणं थांबवलं.

"आई."

तोच आवाज. शेवटचा स्वर किंचित ओढायची त्याची सवय होती, तीही होती. मी गॅस बंद केला.

"आई."

"ओ," मी म्हणाले, आणि तिथेच फरशीवर बसले.

मी दोष कुणाला देणार? मीही ओ दिली.

नात तेव्हा नुकती नीट बोलायला लागली होती. डबीकडे बोट दाखवून तिनं आजोबांना विचारलं, "ह्यो कोन हाय?"

"तू," सुंदरराव म्हणाले. "मोठा तू."

ती डबीकडे बघत राहिली. मग तिनं हळूच भिंतीला हात लावला.

४

सारजाबाई आमच्याकडे धुणंभांडी करायची. तिचा नवरा सटवा मेंढरं राखतो, वर्षातले बरेच महिने रानोमाळ असतो. सारजाबाईचं तोंड थांबत नाही आणि मला ते आवडायचं. त्या घरात मोठ्यानं बोलणारी ती एकटीच होती.

"बाई, तुमची डबी लई शानी झाली बगा," मिरच्यांच्या त्या दुपारनंतर काही दिवसांनी ती भांडी घासता घासता म्हणाली. "काल मला म्हनती, सारजाबाई, तवा नीट घासा. म्या म्हनलं, तुला हात हायेत का? ये की मग घासाय."

"रवीच्या आवाजात?"

तिचा हात थांबला. "न्हाई की. तुमच्या. तुमीच हाय समजून म्या आदी शिवी गिळली, मंग वळून बगितलं तर कुनीच न्हाई."

मी सुंदररावांना सांगितलं. त्यांनी कंपनीला फोन लावला. ते म्हणाले की यंत्र घरातली बोलणी ऐकून शिकत राहतं, कधीकधी दुसऱ्यांचेही आवाज काढतं, काळजीचं कारण नाही. सुंदररावांनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. पटण्यासारखं होतं. मी दिवसभर घरात बोलते ती नातीशीच. यंत्रानं सगळ्यात जास्त ऐकलं असेल तर मलाच.

पुढच्या दिवशी सारजाबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी नातीला कडेवर घेऊन वस्तीवर गेले. सारजाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला बस म्हटलं नाही.

"का येईनास गं?"

"तुमीच तर म्हनल्या, येऊ नको."

"मी?"

"मंग कोन? मी परसात धुनं वाळू घालत हुते. सारजाबाई, सारजाबाई, सारजाबाई. तीनदा. दाराआडून. उद्यापून येऊ नका म्हनल्या, तुमचं बोलनं पोराला लागतंय. तोंड बी दावलं न्हाई." तिनं सुपाला झटका दिला. "इतकी वर्सं भांडी घासली तुमची. कावून असं, बाई?"

"ती डबी असेल, सारजाबाई."

"परसाच्या दाराला डबी न्हाई." ती आता माझ्याकडे बघत होती. "आन् फटीतून दम लागल्यागत ऐकू येत हुतं. जिना उतरून आल्यागत. डबीला कशाचा दम?"

मी घरी आल्यावर परसाच्या दाराशी जाऊन बघितलं. तिथे डबी नव्हती. सगळ्यात जवळची स्वयंपाकघरात. दार उघडं असेल तर आवाज येऊ शकतो. मी दार उघडं ठेवून स्वतः ओट्यापाशी बोलून बघितलं, पण ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं.

५

अंबाजोगाईच्या माझ्या बहिणीला, कौशल्याताईला, मी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. शुक्रवारी सुंदरराव बीडला जाणार होते. ताई भाच्याबरोबर जीप पाठवणार होती. गुरुवारी सकाळी मी शेतात बांधाच्या टोकाला जाऊन तिला फोन केला.

"आता काय राहिलं, विजू?" तिचा आवाज रुसलेला होता.

"जीप कधी निघतेय विचारायला केला."

"हे बघ, तुझं तू एक काहीतरी ठरव. काल रात्री अर्धा तास बोललीस. म्हणालीस, ताई, पोर तिथंच बरी आहे, यांचा जीव तिच्यात आहे, मी हट्ट सोडला. रडलीसही. शाळेतही तूच कळवलंस म्हणे, प्रवेश नको म्हणून."

"ताई, ते मी नव्हते."

"विजू."

"खरंच नव्हते गं. ते यंत्र आहे. माझा फोनही त्याला जोडलाय यांनी."

"यंत्र आईच्या बांगडीचं बोललं का?" ताई हळू म्हणाली. "तू आणि मी सोडून कुणाला माहीत आहे ते? विजू, रवी गेल्यापासून तू नीट झोपलेली नाहीस. डॉक्टरांना दाखव एकदा. मी बोलते सुंदररावांशी."

"नको. त्यांच्याशी बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. मला कळलं की ती बोलणार.

आईच्या बांगडीचं मी कधी कुणाशी बोलले का, हे मी परत येताना आठवत होते. डब्यांसमोर बोलले असेन. रवीचा आवाज विचारायचा, आई, काहीतरी सांग ना, आणि पहिल्या महिन्यांत मी सांगायची. कितीतरी सांगितलं. तसंच असणार.

घरात शिरले तेव्हा ओसरीतली डबी रवीच्या आवाजात म्हणाली, "आई, कुठं गेलतीस?"

६

त्याच दिवशी संध्याकाळी मी परसातून कढीपत्ता तोडून आत येत होते. ओसरीतून हसण्याचा आवाज आला. सुंदरराव हसत होते. मी ते हसणं विसरले होते.

मी मधल्या दारात थांबले. ते बाजेवर माझ्याकडे पाठ करून बसले होते, भिंतीवरच्या डबीकडे तोंड करून. हातात चहाची बशी होती.

"रवी पहिल्यांदा ट्रॅक्टरवर बसला, तवा तू चाकापुढं आडवी पडली होतीस," ते म्हणत होते.

"पडले नव्हते. बसले होते," माझा आवाज म्हणाला.

ते पुन्हा हसले. मीही हेच म्हणाले असते. अगदी हेच, याच तोऱ्यात.

"लई दिवस गप होतीस, माला," ते म्हणाले. माहेरची विजू मी, त्यांची माला. "पोरगं गेलं आन् तू बी गेल्यागतच झालीस. घरात दोन मानसं, आन् बोलायला भिंत. आता कुठं जरा बोलाय लागलीस."

"आता बरं वाटतंय मला."

"चहा कसा झालाय विचारू नको. तूच केलायस."

"साखर जास्त पडली का?"

"पडू दे."

चहा मी केला नव्हता. तो त्यांनी स्वतःच केला असेल. मी कढीपत्त्याची डहाळी हातात धरून उभी होते. हा माणूस माझ्याशी असं बोलतो, आणि मी तिथे नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्या भिंतीचा मला मत्सर वाटला.

"अहो," मी म्हणाले.

ते वळले नाहीत. रीतच आहे आमची. मी पुन्हा म्हणाले, आणि पुन्हा.

तिसऱ्या हाकेला त्यांनी न वळता डावा हात वर केला, मध्ये बोलणाऱ्याला थांबवावं तसा. "सारजे, नंतर ये," ते म्हणाले. "मालकीनबाई बोलतायत."

७

शुक्रवारी सकाळी सुंदरराव गावात एक चक्कर मारून येतो म्हणून गेले. तेवढ्यात मी मीटरपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढला, मग जिन्याखालचा इन्व्हर्टरही बंद केला. हिरवे दिवे विझले. घर इतकं शांत झालं की अंगणात चिमण्या दाणे टिपत होत्या ते ऐकू येत होतं. मला वाटलं, एवढंच तर होतं. एवढंच करायचं होतं.

नात ओसरीत भिंतीला कान लावून बसली होती.

"सायली," मी म्हणाले. प्रथमच न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर. "सायली. सायली."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग डबीकडे. वाट बघितल्यासारखी.

"चल, दूधभात खायचा ना?"

"तू नको," ती म्हणाली.

"मग कोण?"

"आज्जी."

मी तिच्यापुढे बसले, वाटी घेतली, घास केला. तिनं ओठ घट्ट मिटले. रडली नाही, रुसली नाही. फक्त भिंतीला टेकून बसून राहिली. दूध गार झालं, साय धरली. सुंदरराव आले. त्यांनी विझलेल्या डब्या बघितल्या, पोरीकडे बघितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते माझ्याशेजारी फरशीवर बसले.

"पोर उपाशी हाय, माला."

"खाईल."

"भरव मग."

मी पुन्हा घास पुढे केला. तिनं तोंड भिंतीकडे केलं. तिचा छोटा कान त्या सिमेंटला चिकटला होता.

"कशाला तिचे हाल करतीस," ते म्हणाले. आवाजात काकुळती होती. "लाव."

मीच उठले. मीच स्विच वर केला. हिरवा दिवा लागला, थोडा वेळ गेला, आणि भिंतीतून माझा आवाज आला, "आ कर बघू, आ." नातीनं तोंड उघडलं. मी घास भरवला. पुन्हा आवाज आला, पुन्हा तिनं तोंड उघडलं. पूर्ण वाटी संपली. हात माझा होता. आवाजही माझाच होता. त्या दोहोंच्या मध्ये मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही.

सुंदररावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बगितलंस?" ते म्हणाले, आणि बीडला निघून गेले.

८

जीप येणार नव्हती. तरी मी निघायचं ठरवलं. रस्त्यापर्यंत चालत जायचं, मिळेल ती एसटी पकडायची. ताईच्या दारात मी स्वतः, माझ्या तोंडानं, उभी राहिले की तिला पटेल. नातीला अंगणात खेळायला सोडलं आणि मोबाईल ओट्यावर ठेवून वर गेले. तो बरोबर घ्यायचाच नव्हता.

वर जायचं कारण एक फ्रॉक. पिवळ्या फुलांचा, माजलगावहून आणलेला, रवीच्या कपाटात त्याच्या कपड्यांखाली लपवून ठेवलेला. ते कपाट सुंदरराव उघडत नाहीत. तिला त्या फ्रॉकमध्ये या घरातून न्यायचं, एवढं माझ्या मनात होतं.

रवीच्या खोलीचं दार आपोआप लागतं, म्हणून मी आत शिरताना दारात नेहमी त्याचा एक बूट आडवा ठेवते. त्या दिवशीही ठेवला. कपाट उघडलं. फ्रॉक होता. मी तो छातीशी धरला, आणि मागे दार लागल्याचा आवाज आला. फार हळू. झोपलेल्या मुलाला जाग येऊ नये म्हणून दार लावतात तसं.

मी वळले. बूट कपाटाशेजारी होता, त्याच्या जोडीच्या बुटाला लागून, नाडी आत खोचून.

विसरून मी पूर्वी किती गोष्टी भलतीकडे ठेवल्या आहेत. बूट आज ठेवलाच नसेल. मी दारापाशी गेले. "दार उघड," मी म्हणाले.

पेटीवरचा दिवा हलला. "कोन हाय?" रवीनं विचारलं.

"मी आहे. आई. दार उघड, रवी." मी त्याला नावानं हाक मारली. आजवर त्या पेटीला कधी मारली नव्हती.

"आई तर खाली हाय," तो म्हणाला. कुणी थट्टा करावी तसं नाही. साधं.

मी दार ठोकलं, खांद्यानं ढकललं. लोखंडी दार आहे, सुंदररावांनी पेटीच्या काळजीनं बसवलेलं. मग मी खिडकीशी गेले. खिडकीला गज आहेत. खाली अंगण दिसतं, पण ओसरीवरचा पत्रा पुढे आलेला असल्यामुळे भिंतीलगतचं काही दिसत नाही. नात अंगणाच्या मध्यावर मातीत बसली होती. रवीचा निळा शर्ट, बारीक केस. वरून बघताना क्षणभर मला तो चार वर्षांचा रवीच वाटला आणि मी गज धरून ठेवला.

"सायली."

मी तोंड उघडायच्या आत ती हाक आली. खालून, पत्र्याखालून. माझा आवाज.

ते नाव न्हाणीत, नळ सोडून, तिच्या कानाशी. तिथे डबी नाही. फोनवरही मी ते कधी घेतलं नाही. आणि आज सकाळी मी ते उघड्यावर म्हणाले तेव्हा सगळे दिवे विझलेले होते.

"सायली."

नातीनं मान वर केली. तिनं हातातली माती खाली टाकली, शहाण्यासारखी, आणि तिसऱ्या हाकेची वाट बघितली.

"सायली."

"ओ, आज्जी," ती म्हणाली, आणि उठून पत्र्याकडे धावली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी वरून बघितला. त्या नावाला ती अशी हसेल याची मी किती वर्षं वाट बघत होते.

"सायली!" मी ओरडले.

ती पत्र्याच्या कडेशी थांबली. तिनं वर बघितलं नाही. एक हात तिनं उंच केला होता, मोठ्या माणसाचं बोट धरायला मूल करतं तसा. आणि तो हात तसाच वर राहिला, सैल नाही, धरलेला. त्याच्यापुढे पत्र्याच्या सावलीत काय होतं ते मला दिसलं नाही. वाऱ्यानं एकदा फक्त साडीचा काठ बाहेर आला. हिरवा, बारीक बुट्ट्यांचा. मी माझ्या अंगावरच्या साडीकडे बघितलं. मग मी पुन्हा खाली बघितलं नाही.

"सायली," मी म्हणाले. या वेळी ओरडले नाही, ओरडता आलं नाही.

"आज्जी," खाली नातीनं विचारलं, "वर कोन हाय?"

दम लागल्यासारखा श्वास ऐकू आला. जिना उतरून आल्यासारखा.

"कुणी नाही, बाळा," माझा आवाज म्हणाला. "दोनच हाका आल्यात. ओ देऊ नको."

ऊन कलायला लागलं आहे. एसी चालू आहे, म्हणून खोली गार आहे. फ्रॉक मांडीवर आहे. खाली भांड्यांचा आवाज येतो, मग चहाचा वास. मघाशी सुंदररावांची गाडी आली. त्यांनी फाटकातूनच नेहमीसारखं विचारलं, "माला, रवी जेवला का?" आणि खालून माझ्या आवाजात उत्तर गेलं.

माझी अजून एक हाक बाकी आहे. घसा शाबूत आहे, खिडकी उघडी आहे, अंगण जवळ आहे. तिसरी मारली की आपल्या माणसाला ओ मिळते, सासूबाईंनीच सांगितलं होतं. मी तोंड उघडते आणि मिटते. मारली आणि खालून कुणीच ओ दिली नाही, तर मग मी कोण, ते मला कळेल.

म्हणून मी ती अजून मारलेली नाही.